रकान्यात तेवढीच जागा

९ जानेवारी

ही डायरी सोमाने दिली. सोमा माझा मुलगा, डोंबिवलीला असतो. त्याच्या कंपनीची, दोन वर्षांमागची, कोरी राहिलेली. तारीख जुळते, वार जुळत नाही. आज छापलाय मंगळवार, आहे शुक्रवार. फुकटच्या डायरीचे वार बघायचे नसतात.

लिहायचं कारण, रेडिओवर काय बोलायचं ते मी आता विसरते. आधी विसरले तर कोंडी कोपराने ढोसायची. ती आता मोहोपाड्याला, तिच्या मुलाकडे. कोपर तिकडे, मी इकडे.

प्रौढ वर्गाच्या बाईंनी शिकवलं होतं, बोलायचं हाय-नाय, लिहायचं आहे-नाही. मी पाळते. बाकीचे जसे बोलले तसंच लिहीन, त्यांच्या चुका मी कशाला सुधारू.

आज दीक्षाने खालापूरला बोलावलं. दीक्षा म्हणजे तिथल्या पायथा रेडिओची ताई. आमच्यातलीच, कर्जतची. वय एकोणतीस. लग्नाचं नाव काढलं की माइकची वायर गुंडाळायला लागते. रेडिओ दोन खोल्यांचा, बारा-पंधरा किलोमीटर ऐकू जातो. दर गुरुवारी अकराला माझा अर्धा तास असतो, 'विठाबाईची फोडणी'. मी कालवण सांगते, कोडी घालते, लोकांना चार शब्द सुनावते.

"जयभीम आजी. फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी एक खास भाग करायचाय. एलजीबीटी कॉमेडी. पण घरातल्या सगळ्यांनी मिळून ऐकावी अशी."

"आणि नाय जमली तर?"

तिने वायर हातात घेतली. "सर म्हणतात, फोडणीत आता पहिल्यासारखी मजा नाय. हा भाग चांगला झाला तर ठीक. नायतर मार्चपासून त्या वेळेला गाणी लावू म्हणतात."

लावा म्हटलं. माझं काय जातंय. पण मोहोपाड्याला माझा आवाज जायचा बंद होईल. कोंडी माझ्याशी बोलत नाही, का ते तिलाच ठाऊक. पण गुरुवारी अकराला ऐकायची तिला सवय आहे. सवय मोडली की म्हातारं माणूस आजारी पडतं. तेवढ्यासाठी मी हो म्हणाले.

१४ जानेवारी

एलजीबीटी म्हणजे काय, हे दीक्षाला विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर म्हणाली असती आजीला एवढं माहीत नाही. मग मी डोकं चालवलं. मी एकोणीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली. तिथल्या जुन्या हेडमास्तरांच्या दारावर पाटी होती, नावापुढे बी.ए., बी.टी. बी.टी. म्हणजे मास्तरकीची पदवी. एल.जी. म्हणजे लोअर गिरेड असणार. म्हणजे खालच्या वर्गांना शिकवणारे मास्तर. त्यांच्यावरचे विनोद हवेत. माझ्याइतके कुणाकडे असणार.

आज सहा लिहून काढले. त्यातला एक. साहेब तपासणीला आले, खिचडी चाखून म्हणाले, गुरुजी, मीठ नाही. गुरुजी म्हणाले, साहेब, मीठ हजेरीपटावर आहे, आज गैरहजर.

२० जानेवारी

अकरा विनोद घेऊन गेले. तीन वाचले तोवर दीक्षा गोंधळलेली होती. मी बी.ए., बी.टी.चा उलगडा केला तर ती टेबलावर डोकं ठेवून हसली. डोळे पुसले, परत हसली. सगळ्या महिन्याचं हसू तिथेच संपवलं मेलीने.

मग पाणी पिऊन तिने समजावलं. एखाद्या बाईचं मन बाईवर बसतं, एखाद्या बाप्याचं बाप्यावर. कुणी बाप्या म्हणून जन्मतो आणि आतून बाई असतो. अशा सगळ्यांची मिळून ती चार अक्षरं.

"हे होय. मग एवढी इंग्रजी कशाला. आमच्याकडं पण असतात. शब्द नाय फक्त."

"शब्दच नाय?"

"शिव्या हायेत. शब्द नाय."

ती म्हणाली, "तेच तर, आजी. माझी आई गुरुवारी भाकऱ्या थापताना तुमाला ऐकते. तिला हसू आलं पाहिजे. आणि हसून झाल्यावर कसंतरी वाटलं नाय पाहिजे."

"म्हणजे माणूस हसला पायजे, माणसाला हसलं नाय पायजे."

"अगदी हेच." तिने ते वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य कुणी लिहून घेतलं, हे पहिल्यांदाच.

"पण तुला एवढं तुझ्या आईचंच का पडलंय?" मी विचारलं. तर वायर.

ही शेलूला प्रिया नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. दोघींनी मिळून मांजर पाळलंय. मी म्हटलं, मांजर कसलं पाळतेस, नवरा बघ. तर ती हसली नाही. मघाशी एवढी हसली होती.

२४ जानेवारी

बाजाराला लडकूच्या टेंपोतून गेले. पुढच्या सीटवर. त्याला म्हटलं, तुला लय विनोद येतात ना, बायकी बाप्यांचे सांग, रेडिओसाठी पाहिजेत. त्याने तीन सांगितले. पहिल्यात टाळ्या वाजवणारा होता, दुसऱ्यात लिपस्टिकवाला. तिसरा लिहीत नाही, डायरी मुलाने दिलेली आहे.

"हे तुझ्या पोरीसमोर सांगशील का रं?"

"काय पण, मावशी."

"मग माझ्यासमोर बरं सांगितलंस. मी काय चिंचेचं खोड हाय?"

"तुमीच मागितले. बरं, त्यांच्यावर चांगला विनोद असतो का कुठं?"

"त्यांच्यावर नकोय. त्यांचा पायजे."

"त्यांचा? त्यांना कुठं लोक हसायला सवड देतात?"

लडकू गाढव आहे. गाढवही कधीमधी बरोबर वाटेने जातं.

उतरताना सहज विचारलं, "तुझ्या टेंपोत पायथा कुठवर लागतो?"

"रीसला खरखरतो. मोहोपाड्याच्या नाक्यावर बंदच होतो. पण तिथं कुणी वरच्या माळ्यावर असंल आणि गॅलरीत ठेवला, तर धरतो."

"रेडिओच्या कामासाठी विचारलं."

"मी कुठं काय बोललो?" लडकू म्हणाला.

३० जानेवारी

पोशाकडे गेले. वरच्या आळीचा पोशा, पंचाहत्तरीचा आहे. तरणा होता तेव्हा जत्रेतल्या नाटकात बाईचं काम करायचा. लोक हसून हसून मांडवाचा खांब धरायचे. म्हटलं, हा खरा जाणकार.

"पोशा, लोक नक्की कशाला हसायचे रं?"

"मी लुगडं नेसून आलो की हसायचे. तोंड उघडायच्या आधीच."

"आणि तू?"

"मी कशाला हसतोय. मला बरं वाटायचं. वर्षातनं दोन खेळ. तेवढे दोन दिस बरं वाटायचं."

"आणि बाकीचे दिस?"

"बाकीचे दिस बैल राखले."

मी विनोद विचारायला गेले आणि म्हातारा बैलांवर आला. निघाले तर म्हणाला, "विठे, ते लुगडं अजून हाय पेटीत. बघायचं का?" मी म्हटलं, कसर लागली असेल. तर म्हणाला, कशी लागेल, दरसाल उन्हात घालतो.

एवढा मोठा बाप्या, दरसाल लुगडं उन्हात घालतो. चहा पिऊन आले. विनोद मिळाला नाही.

३ फेब्रुवारी

आज भात परत खारट. दीडशे पोरांची खिचडी केलेल्या हाताला एका माणसाचं मीठ कळत नाही. चिमूट घेतली तरी जास्त होते. वाटीभर तांदूळ धुतले की ते पातेल्याच्या बुडाला गेल्यासारखे दिसतात, विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं.

शाळेचं काम मी सोडलं. मोठं पातेलं एकटीला उतरवता येत नाही. त्याला दोन कड्या. एका कडीला कोंडी, एकीला मी, दोघींच्या हातात फडकी, आणि ती "उचल" म्हणाली की उचलायचं. मी कधी म्हटलेलं चालायचं नाही तिला. तिचं फडकं अजून खिळ्याला आहे. नवीन बायकांना शाळेने चाकाची गाडी दिली. बरं झालं.

५ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला. वालाच्या शेंगा सांगितल्या. काही विशेष नाही.

८ फेब्रुवारी

मोहोपाड्याला जाऊन आले. लडकूचा टेंपो तिकडे जातच होता, म्हणून. शेवग्याच्या शेंगा जास्त झाल्या होत्या, म्हणून. आणि कोंडीला विनोद खूप येतात, म्हणून.

जैतूची खोली तिसऱ्या माळ्यावर. जैतू म्हणजे तिचा मुलगा, कारखान्यात असतो. गेल्या मार्चमध्ये कोंडी शाळेच्या पायरीवरून पडली, खुबा मोडला, तेव्हा तो तिला घेऊन गेला. तीन जिने चढून माझा दम गेला. दाराला जाळी. सून सुनंदा आली, जाळी उघडली नाही. आतून कोंडीचा आवाज आला, "कोन हाय गं?"

अकरा महिन्यांनी ऐकला. आवाज चांगला खणखणीत आहे. म्हटलं, थोडी थट्टा करावी. मोठ्याने म्हटलं, "शेजारीण आलीय."

आत खाट वाजली. मग काही नाही.

सुनंदा आत गेली, परत आली. "सासूबाई झोपल्यात, मावशी."

"आत्ता तर बोलली."

"आत्ताच झोपल्या."

तिने मान खाली घातली होती. मी शेंगा जाळीतून आत सरकवल्या, एक-एक करून. जाळीची भोकं लहान. सुनंदा पलीकडून घेत होती.

खाली उतरून वर पाहिलं. गॅलरीत खिळ्याला रेडिओ टांगला होता. एरियल पूर्ण बाहेर काढलेला आणि त्याच्या टोकाला तार बांधून ती वर पत्र्यापर्यंत नेलेली. जैतूला गाण्यांचा भलताच नाद आहे वाटतं.

९ फेब्रुवारी

काही नाही.

१३ फेब्रुवारी

दीक्षाला सांगायला गेले की जमत नाही, लावा गाणी. ती म्हणाली, आजी, आधी हे ऐका. तिने माझा जुना कार्यक्रम लावला, दीड वर्षामागचा. मी अंबाडीची भाजी सांगत होते आणि मागे कोणीतरी हसत होतं. आधी नाकातून फुसफुस, मग दाबलेलं, मग एकदम सुटलेलं. कोंडी. ती तेव्हा माझ्या शेजारी स्टुलावर बसायची. दीक्षा तिला म्हणायची, आजी, माइक आहे. मग ती पदर तोंडात कोंबायची आणि आणखी हसायची.

"लोक अजून फोन करून विचारतात, ती हसणारी आजी कुठं गेली. म्हणून सरांना मजा कमी वाटते," दीक्षा म्हणाली. "त्या तुमच्या कोण?"

"कोंडी."

"नाव नाय विचारलं."

मी म्हटलं, वरच्या ठाकूरवाडीची. नवरा वीटभट्टीवर गेला तो तिथेच दुसरीबरोबर राहिला. आम्ही एकाच वर्षी शाळेत खिचडीला लागलो. पावसात तिला डोंगर उतरायला त्रास, म्हणून म्हटलं, पावसाळ्यापुरती माझ्याकडे राहा. पावसाळ्यापुरती आली ती एकोणीस वर्षं राहिली. तिच्या वाडीचे म्हणायचे, खाली का राहतेस. माझ्या वाडीचे म्हणायचे, वरचीला का ठेवलीस. दोन्ही वाड्यांना आम्ही खिचडी वाढली.

मग मी तिला उखाण्याचं सांगितलं, वेळ जावा म्हणून. पंचायत समितीत सगळ्या शाळांच्या स्वयंपाकिणींचं शिबिर होतं. मॅडम म्हणाल्या, एकेकीने उखाण्यात नाव घेऊन ओळख सांगा. कोंडीची पाळी आली तशा बायका गप्प झाल्या. नवरा टाकून गेलेला, ही नाव कुणाचं घेणार. कोंडी उठली. नव्या नवरीसारखा पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली,

खिचडीत टाकलं मीठ, वर सोडलं तूप,
विठाबाईचं नाव घेते, बाय माझी बोलते खूप.

सभागृह हसून फुटलं. मॅडमच्या हातातला चहा सांडला. पुढे वर्षभर बायका मला कोंडीचा मालक म्हणायच्या. मी तिला घरी आल्यावर शिव्या घातल्या. ती हसत होती. शिव्या देता देता मीही.

दीक्षा हसली नाही. म्हणाली, "आजी, महिनाभर तुमी हेच शोधताय."

"हे त्यातलं नाय. ही आमची गंमत."

"त्यातलं म्हणजे कशातलं?"

मी ते रिकामं स्टूल पदराने पुसलं.

मग तिने विचारलं, कोंडीआजी बोलायच्या का बंद झाल्या. मी म्हटलं, तिलाच विचार. दवाखान्यात नेलं तोवर बोलत होती. टेंपोत माझा हात धरून होती, नखं रुतवली होती इतकी. खिडकीवरच्या माणसाने कागद पुढे केला. म्हणाला, पेशंटशी नातं सांगा. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ओरडला. मी म्हटलं, लिही, शेजारीण. त्याने लिहिलं, मग म्हणाला, शेजाऱ्याची सही चालत नाही, घरचं माणूस बोलवा. म्हणून जैतूला बोलवलं.

दीक्षा म्हणाली, "तुमी शेजारी राहायचा?"

"शेजारी कशाला? एका घरात."

"मग शेजारीण का सांगितलं?"

"अगं, तो पेन धरून उभा. बहीण सांगावं तर आडनाव वेगळं, जात वेगळी. मैतरीण सांगावं तर तो हसला असता. रकान्यात तेवढीच जागा होती."

"आणि कोंडीआजी कुठं होत्या?"

"तिथंच. स्ट्रेचरवर. भिंतीकडं तोंड करून."

दीक्षाने वायर घेतली नाही.

घरी आले. लिहिताना आता आठवलं. आधी तोंड माझ्याकडे होतं.

१८ फेब्रुवारी

आज पाच पानं फाडली. उखाण्याला उखाण्यानेच उत्तर द्यायचं, असं ठरवलं. जुळवायला गेले तर कोंडीला जुळतं काय? हंडी, थंडी, भेंडी. भेंडीची भाजी नवऱ्याच्या नावालाही शोभत नाही.

लोक काय म्हणतील याची भीती नाही. लोकांना मीच दर गुरुवारी म्हणते. भीती वेगळी आहे. ती रेडिओ बंद करील. तिने तिकडे बटण फिरवलं तर ते इकडे कळत नाही. माइक असतो मख्ख. माणूस दारावर आलं आणि जाळी उघडली नाही तर निदान जाळी दिसते.

दीक्षाला फोन करून विचारलं, हे खरंच कुटुंबासाठी चालेल का. ती म्हणाली, आजी, तुमचंच कुटुंब आहे, तुम्हीच सांगा. फाजील आहे.

२६ फेब्रुवारी

आज केलं.

मी सगळं क्रमाने सांगितलं. आधी बी.ए., बी.टी.चं, स्वतःची फजिती. लडकूला नाव न घेता टोला हाणला, त्याला कळेल. मग कोंडीचा उखाणा. मग म्हटलं, मंडळी, मागच्या मार्चात एका कागदावर मी तिचं नातं चुकीचं लिहून दिलं. बरोबर कुठलं ते मला अजून कळलेलं नाय. शोधलं, शब्द मिळाला नाय. म्हणून नातं सांगत नाय. नाव घेते.

चुलीवर पातेलं, पातेल्याला कड्या दोन,
कोंडीचं नाव घेते, इचारू नका ती माझी कोन.

म्हणून झालं आणि मी थांबले. उखाणा झाला की कोणीतरी हसतं, त्याची सवय असते. खोलीत कोणी हसलं नाही. पंखा फिरत होता. स्टूल रिकामं होतं. दीक्षा काचेपलीकडे वायर गुंडाळत होती, एकच वायर, गुंडाळून सोडायची, परत गुंडाळायची.

चौदा मिनिटं उरली होती. मी शेवग्याच्या शेंगांची आमटी सांगितली.

२७ फेब्रुवारी

रेडिओवर सतरा फोन आले, दीक्षाने मोजले. तिघांनी शिव्या घातल्या. एकजण म्हणाला, हे काय घरात ऐकायचं आहे का. दीक्षाने फोन मला दिला. मी विचारलं, तुझ्या घरात कोण आहे. म्हणाला, बायको रुसून माहेरी आहे. म्हटलं, आधी तिचं नाव घे, मग माझं ऐक.

बाकी बहुतेक बायकांचे. नागूच्या आईने जावेचं नाव घेतलं, जावेशी तिचं पटत नाही असं आम्ही समजत होतो. चौकच्या जिजाने म्हशीचं नाव घेतलं. म्हणाली, घरात माझं ऐकणारी तेवढीच. मग पोशाचा फोन. उखाणा बाप्याने घेतला तर चालतं का, असं विचारत होता. चालतं म्हटलं. तर म्हणाला, विचार करून सांगतो.

सरांनी मार्चची गाणी रद्द केली. म्हणाले, लोकांना मजा आली. बरं.

दीक्षाला तिच्या आईचा फोन आला होता. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, काल तुझ्या त्या आजीपायी भाकरी करपली."

"म्हणजे ऐकत होती."

"हो."

"मग पुढल्या गुरुवारी तू पण घे एक नाव. ते मांजर पाळलंय ना तुमी दोघींनी, मांजरापासून सुरू कर. प्रियाला चांगलं जुळतं. दुनिया, किमया, काय पण."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चप्पल शोधायला लागले.

मोहोपाड्याहून फोन नाही.

२८ फेब्रुवारी

फोन चार्जिंगला लावला होता. दिवसभर शेजारी बसून वाल सोलले. नाही.

२९ फेब्रुवारी

यंदा हा दिवसच नाही. आज एक मार्च. पण या डायरीत छापलेलं पान आहे, वार, तारीख, सगळं. वाया कशाला घालवू.

सकाळी सुनंदाचा फोन आला.

"मावशी, सासूबाईंनी एक निरोप सांगायला सांगितलाय."

"सांग."

"म्हणतात, पातेलं चुलीवर असताना कडीला हात लावायचा नसतो, भाजतो. आधी फडकं घ्यायचं. एकोणीस वर्षं सांगितलं, तरी हिच्या डोक्यात शिरत नाय."

मी खिळ्यावरच्या फडक्याकडे बघितलं. म्हटलं, "तिला म्हण, उखाण्यात फडकं बसत नव्हतं."

सुनंदा सांगायच्या आधीच मागून आवाज आला, "बसवायचं."

मग भांडी वाजली, कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. सुनंदा परत फोनवर आली. आवाज हळू. "आणि म्हणतात, कुणाला यायचं असंल तर गुरुवार सोडून यावं. गुरुवारी अकराला त्या गॅलरीत असतात. तवा त्यांना कुणी आलेलं खपत नाय."

"ती तार कुणी बांधली गं, एरियलला?"

"त्यांनीच. खुबा मोडलेला, तरी पाटावर चढल्या होत्या. हे लय ओरडले."

"मूर्ख बाई," मी म्हटलं.

"कोन आलं म्हणून सांगू, आलात तर?"

"नाव सांग. विठा."

"कधी येताय?"

बघू म्हटलं. गुडघा दुखतो, तीन जिने आहेत.

फोन ठेवला. खिळ्यावरचं फडकं काढलं. हळदीचा डाग आहे, वर्षाचा, बसलेला. साबण लावून दोनदा घासलं. गेला नाही. दोरीवर टाकलं. माझंही टाकलं, बाजूला. ऊन चांगलं आहे, दुपारपर्यंत वाळतील.